कुकर उतरेपर्यंत इंग्रजी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी पास की नापास, हे सांगणारा मास्तर आता जिवंत नाही, म्हणून मी पास म्हणतो. असल्या माणसाने सत्तरीला टेकल्यावर इंग्रजी बोलायला घेतलं, तेव्हा घोलवडात लोकांना हसायला निमित्त मिळालं. कुणी म्हणे, म्हाताऱ्याला विमानात बसायचंय. कुणी म्हणे, बायको गेल्यापासून डोकं फिरलंय. दुसऱ्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. बायको असती तर मी इंग्रजीच्या वाटेला गेलो नसतो. ती असताना मला मराठीसुद्धा फारशी लागत नव्हती. घरातलं सगळं बोलणं तीच बोलायची, माझ्या वाटणीचंही.

दोन हजार सोळा साली, गणपतीच्या आधी, ती गेली. घरात राहिलो मी आणि सून. मुलगा आखातात, एका हॉटेलात एसी दुरुस्त करायच्या कामावर. लग्न झालं, थोडे दिवस राहिला आणि परत गेला, ते वर्षातून एकदा यायचा. त्याच्या पगारात बायकोला तिकडे नेता येत नाही, तसा तिकडचा कायदा. सून शिकलेली, नर्स. माहेर तलासरीकडचं, वेवजीचं. डहाणूच्या एका हॉस्पिटलात ड्युटी करायची आणि संध्याकाळी घरी यायची.

आता आमच्याकडची रीत अशी की सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही. कुठे पाटीवर लिहिलेलं नाही, पण आजोबांपासून हेच बघत आलो. तिच्या माहेरीही तेच. मी ओटीवरून आत आलो की खाकरायचं, तिने ओढणी सारखी करून कडेला व्हायचं. मधलं टपाल माझी बायको. मी पाटावर, सून चुलीपाशी, मध्ये चार हात जागा, आणि बायको मोठ्याने ओरडायची, "अगं, विचारतायत, आणखी कालवण आहे का!" मी विचारलेलं सुनेने ऐकलेलंच असायचं. पण टपालाने आणल्याशिवाय पत्र पोचलं असं धरायचं नाही.

मग टपालच बंद पडलं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि आम्ही दोघं त्या घरात मुक्यासारखे फिरू लागलो. ती ताट वाढून जायची, मी जेवून उठायचो. एके दिवशी पोट बिघडलं होतं. सांगायचं कुणाला? भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो होता, त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "रात्री मासे नकोत. पोट ठीक नाही."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही. फोटोपुढे उभी राहून म्हणाली, "आई, त्यांना सांगा, बोंबील धुऊन झालेत. आता ते परत समुद्रात जायचे नाहीत."

मला हसू आलं, पण हसायचं कुणाकडे बघून? फोटोकडेच बघून हसलो. तेव्हापासून आमचा कारभार असा चालू झाला. उद्या ड्युटी उशिराची आहे, आई. गॅस संपत आलाय, ऐकलंस का. जी बाई जन्मभर बोलत आली तिला मेल्यावर नुसतं ऐकायचं काम लागलं. तिला हे अजिबात आवडलं नसतं.

पुढच्या वर्षी सुनेला एजंटचा फोन आला. मुलगा राहतो त्याच गावात नर्सची नोकरी होती. घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्या माणसांचं सगळं बघायचं. कागदपत्रं बरोबर होती, अनुभव होता. फक्त व्हिडिओवर मुलाखत होती, आणि ती इंग्रजीत. नोकरी मिळाली तरच नवरा-बायको एका घरात, नाहीतर वर्षातून एकदा.

सुनेचं इंग्रजी कागदावर झकास. औषधांची नावं वाचायची ती ऐकून मलाच ताप भरायचा. पण बोलायला गेली की जीभ टाळ्याला चिकटायची. हॉस्पिटलात पेशंट मराठी नाहीतर गुजराती बोलणार, खेड्यातले वारली, डॉक्टर हिंदी. इंग्रजी बोलायचं कुणाशी?

एका संध्याकाळी मी अंगणात आमच्या परसातल्या झाडांचे चिकू निवडत बसलो होतो. लहान एकीकडे, मोठे एकीकडे. ती ड्युटीवरून आली आणि फोटोकडे न जाता सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, माझ्याशी इंग्रजीत बोलाल का?"

कुणाशी बोलतेय म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे कोंबडी होती.

"मला कुठे येतंय?" मी चिकूंना सांगितलं.

"म्हणूनच. ज्यांना येतं त्यांच्यापुढे लाज वाटते. तुमच्यापुढे चुकलं तर तुम्हाला कळणारच नाही."

खरं बोलली. मला खरं बोलणारी माणसं आवडतात, फक्त ती माझ्याविषयी बोलत नसली म्हणजे झालं.

माझी शिदोरी काय होती ते सांगतो. स्टेशनात चिकूच्या पेट्या चढवल्या होत्या बरीच वर्षं, तिथलं लोड, फुल, रिजेक्ट, डॅमेज. टीव्हीवरच्या क्रिकेटमधलं वेल डन, नॉट आउट, आणि पाऊस आला की नो प्ले. शिवाय ज्या वाडीत मी कामाला होतो तिथले शेठ कुत्र्याशी इंग्रजीत बोलायचे, त्यातलं कम, सिट, गो. एवढ्यावर मी मास्तर झालो.

तिने नियम घातला. कुकर चढवला की इंग्रजी, कुकर उतरला की मराठी. मध्ये कुणी मराठी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी तिने डाळ-भात लावला आणि मी मनात म्हटलं, चला, लवकर सुटका. दुसऱ्या दिवशी तिने हरभरे लावले.

"हाऊ वॉज युवर डे?" तिने विचारलं.

"सेम."

"बाबा, लाँग आन्सर द्या."

"नो मराठी. सेम, सेम, सेम."

ती कपाळाला हात लावून बसली. पण मी तिला धडा दिला होता, कारण द्या म्हणाली ते मराठीत होतं.

इंग्रजीत एक बरं असतं. ओढणी सारखी करावी लागत नाही आणि खाकरावंही लागत नाही. शेठ कुत्र्याला यू म्हणायचे आणि कलेक्टरलाही यू म्हणायचे, मी ऐकलंय. त्यामुळे थोड्याच दिवसांत आमची भीड चेपली. एकदा मी धीर करून म्हटलं, "टुडे कोळंबी, टू मच सॉल्ट."

म्हटलं आणि घाबरलो. सुनेच्या स्वयंपाकाला समोरासमोर नावं ठेवायची म्हणजे आमच्याकडे मोठी गोष्ट. तिने चमचा खाली ठेवला.

"येस्टरडे यू पुट युवर वेट टॉवेल ऑन माय ड्राय क्लोद्ज."

"सॉरी."

"ऑल्सो, यू स्नोर."

स्नोर म्हणजे काय ते तिने नाकाने करून दाखवलं. मी म्हटलं, "नो. नॉट आउट."

"येस! होल घोलवड नोज!"

आवाज चढला असावा. शेजारची काकी हातातलं पीठ तसंच घेऊन कुंपणापाशी धावत आली. "काय झालं? भांडताय काय? अहो, सासूला जाऊन वर्ष नाही झालं अजून!"

"नाही हो काकी, अभ्यास चाललाय," सून म्हणाली.

काकीने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "असला अभ्यास आम्ही रोज करतो आमच्या घरी. मराठीतून," म्हणाली आणि पीठ झाडत गेली.

मुलाखतीच्या दिवशी तिने इस्त्रीचा ड्रेस घातला, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि मला कोंबड्या हाकलायला बाहेर बसवलं. थोडक्यात आटोपलं. दोन दिवसांनी एजंटचा फोन आला, नाही म्हणून. तिकडच्या मॅडम म्हणाल्या होत्या, मुलीला स्वतःवर भरवसा नाही.

कुकर चढलेला नव्हता, तरी मी इंग्रजीतच विचारलं, "व्हॉट यू से?"

मॅडमनी तिला विचारलं होतं, आम्ही तुलाच का घ्यावं? आणि ती म्हणाली होती, माझ्यापेक्षा चांगल्या मुली पुष्कळ आहेत, तुम्ही माझं काम बघा आणि मग ठरवा.

मला यात काही चूक सापडेना. तिलाही सापडत नव्हती. आमच्याकडे व्यापारी टोपलीपाशी आला की चिकूवाल्याने गप्प बसायचं असतं. तो एखादं फळ उचलणार, नखाने जरा साल खरवडणार, खाली हिरवा रंग दिसतो की पिवळट ते बघणार. कसा आहे माल, विचारलं तर म्हणायचं, "यंदा काही खास नाही, तुम्हीच बघा." मग तो घेतो. जो म्हणतो साखर आहे साखर, त्याच्या टोपलीत व्यापारी तळापर्यंत हात घालतो. लग्नातही तेच. मुलासाठी हिला बघायला गेलो तेव्हा हिचा बाप हात जोडून म्हणाला होता, "पोरीला स्वयंपाक फारसा येत नाही, सांभाळून घ्या." आम्ही खूश होऊन सुपारी फोडली. तो रीत म्हणून बोलत नव्हता, खरंच सांगत होता, हे नंतर कळलं.

ती न्हाणीघरात पाण्याचा नळ सोडून रडली. मी ओटीवर बसून ऐकत होतो. वाईट वाटत होतं. पण मला नखाने खरवडलं असतं तर सालीखाली दुसरा रंग निघाला असता. ती आता राहणार होती.

एजंटने आणखी एक संधी मिळवून दिली, पण तिला फोनवर झापलं. म्हणाला, ताई, तिथे स्वतःचं कौतुक करायचं असतं, नाहीतर फुकट माझा वेळ घेऊ नका. झालं. आमच्या अभ्यासाला नवा विषय आला.

"आय ॲम अ व्हेरी गुड नर्स," ती जमिनीकडे बघत पुटपुटली, चोरी कबूल केल्यासारखी.

"लाउड," मी म्हटलं.

"यू फर्स्ट. से समथिंग गुड अबाउट युवरसेल्फ."

मी विचार केला. माझ्याविषयी चांगलं बोलायचं काम बायकोचं होतं, तेही ती मी घरात नसताना करायची.

"युवर चिकू?" सुनेने वाट दाखवली.

"माय चिकू... ओके."

"बाबा!"

"माय चिकू इज नंबर वन!" म्हटलं, आणि चौकात धोतर सुटल्यासारखं वाटलं. पण खरं सांगतो, दुसऱ्यांदा म्हणताना तितकं वाटलं नाही आणि तिसऱ्यांदा मजा आली. मग ती म्हणाली, मी सलाईनची शीर पहिल्या फटक्यात शोधते. मी म्हटलं, आय स्ट्राँग. ती म्हणाली, पेशंट मलाच बोलावतात. मी म्हटलं, आय हँडसम. यावर ती म्हणाली, ओन्ली ट्रू थिंग्ज, प्लीज.

वाईट सवय लवकर लागते. त्याच आठवड्यात व्यापारी आला. बरीच वर्षं माझ्याकडून माल नेणारा, बोर्डीचा गुजराती माणूस. त्याने फळ उचललं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक नंबर आहे. असा माल अख्ख्या घोलवडात मिळायचा नाही."

त्याने फळ खाली ठेवलं. माझ्याकडे निरखून बघितलं. "काका, तबियत तो सारी छे ने?" असं विचारलं, आणि सगळी टोपली गोणपाटावर उलटी करून एकेक फळ तपासलं.

संध्याकाळी हे मी तिला लाँग आन्सर करून सांगितलं. ती इतकी हसली की कुकरच्या शिट्ट्या मोजायची राहून गेली आणि डाळ खाली लागली. त्या दिवशी मी जेवणाविषयी काही बोललो नाही. हसू थांबल्यावर तिने डोळे पुसले आणि सहज विचारलं, "टेल मी अबाउट युवर वाइफ."

"शी टॉक."

"लाँग आन्सर."

मराठीत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी उठून चिकूंना पाणी घालायला गेलो असतो. पण नियम नियम. मी जुळवत गेलो. "मॉर्निंग शी टॉक. विथ हेन. विथ काकी. विथ मी. आय नो आन्सर. शी नो अँग्री. शी टॉक माय आन्सर ऑल्सो." इथपर्यंत ठीक झालं. पुढे सांगायचं होतं की आता सकाळी जाग येते आणि घर ऐकू येत नाही. त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. शेवटी जो होता तो वापरला. "नाऊ रेन. नो प्ले."

सुनेने चूक सुधारली नाही. तिने उठून गॅस बंद केला.

दुसऱ्या मुलाखतीला मी ओटीवरच होतो, भिंतीला पाठ लावून. मॅडमचा प्रश्न मला अर्धा कळला. एखादा म्हातारा पेशंट बोलत नाही, धड जेवत नाही, तर काय करशील, असं काहीतरी.

"मॅडम, आय हॅव वन ॲट होम," सून म्हणाली.

मी कान टवकारले.

म्हणाली, हा फार अवघड पेशंट आहे. हट्टी आहे. बायको गेल्यावर माझ्याशी बोलतच नव्हता, फोटोशी बोलायचा. मी त्याला बोलतं केलं. तेसुद्धा इंग्रजीत. चौथी शिकलाय. आता रोज मिठावरून तक्रार करतो आणि दोन घास जास्त जेवतो. हे मी केलं, मॅडम. आय ॲम व्हेरी गुड ॲट धिस.

नॉट एव्हरी डे, असं मला भिंतीपलीकडून ओरडावंसं वाटलं. रोज नाही करत मी तक्रार. पण फोनमधून मॅडम मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं.

नोकरी लागली. एजंटचा फोन येऊन गेल्यावर ती पेढे आणेल असं मला वाटलं होतं. तिने कुकरसुद्धा लावला नाही. पोहे केले, पोह्यांना इंग्रजी लागत नाही. दुसऱ्या दिवशीही पोहे. तिसऱ्या दिवशी मीच कुकरमध्ये डाळ-तांदूळ घालून गॅसवर चढवला आणि समोर बसलो.

"व्हॉट हॅपन?"

"आय विल टेल देम नो."

"व्हाय?"

"हू विल लुक आफ्टर यू?"

मुलाचा फोन रोज यायचा. ती आतल्या खोलीत दार लोटून बोलायची. बोलणं कळायचं नाही, पण मध्येच आवाज तुटायचा आणि ती हॅलो, हॅलो करत राहायची, ते कळायचं. तरण्या नवरा-बायकोने एकमेकांशी चित्र बघून बोलू नये. ते मी करून बसलोय, मला माहीत आहे त्यात काय मिळतं.

"आस्क मी क्वेश्चन," मी म्हटलं.

"व्हॉट क्वेश्चन?"

"इंटरव्ह्यू. यू मॅडम. आस्क."

तिने आधी नाही म्हटलं. मी हटलो नाही. मग तिने हॉस्पिटलात करते तसा चेहरा केला.

"कॅन यू कुक?"

"व्हेरी गुड कुक. बेटर दॅन यू."

"युवर नी पेन?"

"नो पेन. आय रन."

"बीपीची गोळी... टॅब्लेट?"

"ऑन टाइम. ऑल टाइम."

"हू विल यू टॉक टू?"

इथे मी थोडा अडलो. पण व्यापाऱ्यापुढे अडलं की माल गेला. "होल घोलवड," मी म्हटलं. "आय टॉक लाइक रेडिओ. पीपल से, स्टॉप. आय नो स्टॉप."

ती माझ्याकडे बघत राहिली, तो बोर्डीवाला बघत होता तशी. ती नर्स. तिला टोपलीच्या तळाशी काय होतं ते हात न घालता दिसत होतं.

"बाबा, यू आर लायिंग."

"नो," मी म्हटलं. "कॉन्फिडन्स."

कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघंही उठलो नाही.

ती गेली. निघताना उंबऱ्यात वाकून पाया पडली, ओढणी डोक्यावर नव्हती, आणि तोंडाकडे बघून म्हणाली, "येते, बाबा." मी "ये" म्हटलं. त्या वेळी इंग्रजी कुणालाच आठवलं नाही.

आता तिला तिकडे जाऊन वर्ष उलटलं. सुट्टीच्या दिवशी व्हिडिओवर फोन येतो. काकी कुंपणापाशी उभी असते म्हणून मी मुद्दाम इंग्रजीत सुरू करतो. ती म्हणते, "बाबा, मराठीत बोला हो. दिवसभर इंग्रजी बोलून जबडा दुखतोय."

"तुझा म्हातारा कसा आहे?"

"तुमच्यासारखाच. हट्टी. सूप ओतून देतो."

"मीठ जास्त घालत असशील."

"तुम्ही काय जेवलात ते सांगा."

"फर्स्ट क्लास."

"भांडं दाखवा."

मी फोन फिरवतो तर त्यात माझंच तोंड दिसतं. ती ओरडते, भांडं, बाबा, भांडं. काकी आत येऊन फोन नीट धरून देते आणि वर सांगते की हा कालचा भात आहे. फितूर बाई. मागून मुलाचा आवाज येतो, "बाबा, मासे कोण आणून देतं हल्ली?" मी उत्तर द्यायच्या आत सून तिकडे त्याला गप्प करते.

"थांबा हो जरा. मी बोलतेय ना त्यांच्याशी."